साकवावर शून्य अपघात

आमच्या ह्यांनी मुलाला पोहायला शिकू दिलं नाही. भोरमध्ये राहून, नीरा नदी हाकेच्या अंतरावर असताना! मी घर डोक्यावर घेतलं, तर हे शांतपणे म्हणाले, "सुलू, पोहायला आलं की पोर पाण्यात जाणार. आलंच नाही तर जाणार नाही. मग बुडेल कसं?" आता ह्यावर माणसानं कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं? मुलगा आज चाळिशीला टेकलाय. सासुरवाडीच्या विहिरीत त्याचे मेव्हणे उड्या मारतात आणि हा काठावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळत बसतो.

हे म्हणजे गंगाधर, माझे पती. एका बँकेत कारकून म्हणून लागले आणि जोखीम विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्या विभागाचं काम काय, तर उद्या काय काय वाईट घडेल ते आज बसून शोधायचं. देवानं हे काम ह्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच काढलं असावं. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं नाही. उत्रोलीला लग्नाला गेलो तर जेवायच्या आधी मांडवाचा खांब हलवून बघायचा. गॅस बंद केला की नाही ह्या शंकेनं स्टँडवरून घरी परत यायचं आणि त्या नादात गाडी चुकवायची. मनानं वाईट नाहीत हो. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्यावर आवाज चढवला नाही. पण आवाज चढवायलासुद्धा धाडस लागतंच ना!

निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सकाळी टेकडी चढतात. ह्यांनी मंडळ काढलं. 'भोर-वेल्हे जोखीम व्यवस्थापक मंडळ.' बँकेतले, विम्यातले, शिरवळच्या कारखान्यांमधले सुरक्षा अधिकारी असे सगळे एकाला एक जोडून तीसेक सभासद जमले. अध्यक्ष आमचे हे. सचिव स्वानंद. हा ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे, कपड्यांना इस्त्री अशी की बसताना मोडेल म्हणून उभाच असतो. मला काकू म्हणतो. तोंडानं गोड आहे.

दर महिन्याला मंडळाची सभा. सभेची सुरुवात कशानं, तर सभागृहातून बाहेर पडायचे मार्ग सांगून. आग लागली तर कुठून पळायचं ते आधी समजलं पाहिजे म्हणे. अरे, त्या सभागृहाला दार एक! स्वानंद दर वेळी त्याच दाराकडे हात करून सांगणार आणि सगळे मान वळवून ते बघणार. मग व्याख्यान, मग बटाटेवडा, मग एकमेकांचे आभार. वर्षातून एकदा हेल्मेट घालून गावातल्या चौपाटीपासून स्टँडपर्यंत चालत फेरी. चालत! मी विचारलं, चालणाऱ्याला हेल्मेट कशाला? तर म्हणाले, प्रतीक. मी हसून सोडून द्यायची. म्हातारपणी नवरा कुठंतरी रमलाय ना, रमू दे बापडा. रिकामपणी घरात बसून माझ्या फोडणीकडे संशयानं बघण्यापेक्षा बरं.

पण मागच्या वर्षी ह्या मंडळाला समाजसेवेचा झटका आला.

'सुरक्षित साकव' असं त्या उपक्रमाचं नाव. वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात ओढे फार, आणि ओढ्यांवर जुने अरुंद साकव, म्हणजे पायी ओलांडायचे छोटे पूल. मंडळानं ते तपासायचे आणि रंग द्यायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका. अहवाल तालुक्याच्या कचेरीत द्यायचा. ऐकायला किती छान! मीच ह्यांना डबा करून दिला पहिल्या दिवशी. गाडी करून गेले, गळ्यात ओळखपत्रं, डोक्यावर पिवळी टोपडी. संध्याकाळी आले ते खुशीत. पासलीच्या पुढं एका वाडीला जोडणारा साकव लाल निघाला म्हणाले. ह्या लोकांचं हे असं. डॉक्टरला दुर्मिळ आजार सापडल्यावर जसा आनंद होतो, तसा ह्यांना धोका सापडला की.

मग त्या साकवाचं काय झालं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. यंदा जुलैमध्ये एक दिवस सकाळी फोन आला.

"बाई, म्या सोमनाथ. वळखलं का?"

ओळखलं नाही असं होईल? मी विंझरच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. रोज भोरहून दोन एसट्या बदलून जायची. सोमनाथ तिथं मामाकडे राहून शिकला. गणितात ढ, पण फळा असा पुसायचा की आरशासारखा. दहावी झाला आणि आपल्या वाडीला भातशेती करायला परत गेला.

"बाई, माजी शिवानी वढ्यात पडली. पाय मोडला. पुन्याला आनलीय. तुमच्या वळखीचं कोन डाक्टर हाय का हितं?"

"अरे, ओढ्यात कशाला उतरली एवढ्या पावसात? साकव आहे ना तुमच्याकडे?"

"साकव बंद केला न्हवं का. दोनी टोकांना फाटक बसवून कुलपं घातली. वर बोर्ड लावलाय, चढलात तर गुन्हा. शाळा त्या तिरावर. मग पोरं वढ्यातनंच जात्यात, दगडा-दगडावरनं. लई पानी असलं की आमी जाऊ देत न्हाई. त्या दिशी सकाळी कमी हुतं, दुपारी वाढलं."

"आणि पोरीला बाहेर कसं आणलंत?"

"म्या पाठीवर घेतली, बाई. छातीएवढ्या पान्यातनं. डोक्यावर साकव हुता बगा, तसाच्या तसा. पर कुलूप तोडायची छाती झाली न्हाई. मागं दोन पोरांनी फाटकावरनं उडी मारली तर कचेरीत नेऊन दम दिला हुता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला आणि आत आले. हे चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून चहात पडेल म्हणून खाली चमचा धरून!

"पासलीच्या पुढच्या त्या साकवाला लाल रंग तुम्ही दिलात ना?"

"मंडळानं दिला."

"सही कुणाची?"

"अध्यक्ष म्हणून माझी असते."

मी सगळं सांगितलं. बिस्कीट तुटून चहात पडलंच. मग मी एकेक विचारायला लागले आणि हे सांगायला लागले. जसजसं सांगत गेले तसतशी मला घरातली भांडी आपटावीशी वाटायला लागली. ह्यांच्या मूळ अहवालात लाल नव्हताच! ह्यांनी पिवळा लिहिला होता. खांब चांगले आहेत, कठडा एका बाजूनं तुटलाय तो बसवा, एका वेळी एक-दोन माणसांनी जावं, गुरं नि मोटारसायकली घालू नयेत. इतकं सरळ. पण मंडळाच्या बैठकीत स्वानंद म्हणाला, काका, आपण पिवळा लिहिला आणि उद्या कुणी पडलं तर आपलं नाव येईल. लाल लिहिला आणि कुणी पडलं, तर आपण आधीच सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनीही डोलावली. मग कचेरीनं तो लाल रंग बघितला. दुरुस्तीच्या भानगडीत कोण पडतो? त्यांनी फाटक ठोकलं. त्यांचेही हात झटकून झाले.

"आणि पलीकडची वाडी? पोरं कुठून जाणार, हा विचार कुणाच्या टाळक्यात आला नाही?"

"पर्यायी रस्ता आहे असं लिहिलंय."

"कुठून?"

"नकाशावर दिसतो. डोंगराला वळसा घालून."

"अहो, तो वळसा घालून पोर शाळेत पोचेपर्यंत शाळा सुटेल! तुम्ही वाडीत कुणाला विचारलं नाहीत?"

हे चमच्यानं चहातलं बिस्कीट शोधायला लागले.

"पलीकडे गेला होतात ना तुम्ही?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सुलू, साकव धोक्याचा होता. आम्ही त्याच्यावरून कसे जाणार?"

देवा रे! तपासणी करायला गेलेली बारा माणसं, आणि एकानंही तो साकव ओलांडला नाही! अलीकडच्या काठावर उभं राहून फोटो काढले, डबे खाल्ले आणि परत आले. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात, इथं तर शेळ्या आहेत की नाही हेसुद्धा ह्यांनी बघितलं नाही. माणूस भित्रा असतो, ठीक आहे. त्यानं आपल्या घरात भ्यावं. पण ह्या तीस भित्र्यांनी एकत्र येऊन आपली भीती तालुक्याला वाटली, आणि तिच्यापायी पोरगी पाण्यात गेली. त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुण्याला जाऊन मी शिवानीला भेटून आले. आठवीतली पोर, काटकुळी. नडगीचं हाड दोन जागी मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, जुळेल, पण पाय थोडा आखूड राहायची शक्यता आहे. हे माझ्याबरोबर आले होते, पण खोलीबाहेर बाकावर बसून राहिले. आत यायचं धाडस झालं नाही.

मी एकच गोष्ट धरून बसले. त्या वाडीची आणखी पोरं रोज त्याच पाण्यातून जात होती. साकव उघडला पाहिजे, आणि तो लाल रंग ज्यांनी दिला त्यांनीच पुसला पाहिजे. हे म्हणायचे, "बैठकीत विषय मांडतो." ऑगस्टच्या बैठकीत मांडला. विषय पुढच्या बैठकीवर गेला. घोडं तिथंच पेंड खात उभं.

सप्टेंबरात मंडळाची वार्षिक सभा आली. आणि काय ठरलं असेल? 'सुरक्षित साकव' उपक्रमाबद्दल अध्यक्षांचा सत्कार! शाल, श्रीफळ, मानपत्र. निमंत्रणपत्रिका घरी आली तेव्हा बोलणं टाकलेलं असूनही मी तोंड उघडलं.

"ती शाल अंगावर घेतलीत ना, तर तीच पांघरून झोपा आयुष्यभर. मी मुलाकडे जाते."

"मी नको म्हणालो होतो, सुलू."

"कसे म्हणालात? चहा नको म्हणतात तसं?"

सभेला मी मुद्दाम गेले, पुढच्या रांगेत बसले. दाराकडे हात करून झाला. दीपप्रज्वलन झालं, तेही एकानं वाळूची बादली धरून. मग स्वानंद माइकपाशी आला आणि त्यानं पडद्यावर त्या साकवाचा फोटो दाखवला. फाटक, कुलूप, लाल बोर्ड.

"मित्रहो, सांगायला अभिमान वाटतो. आपल्या शिफारशीनंतर ह्या साकवावर झालेल्या अपघातांची संख्या आहे," असं म्हणून तो थांबला आणि बोटांनी गोल केला, "शून्य!"

टाळ्या! अक्षरशः कडकडाट! माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. बंद साकवावर कोण पडणार होतं, कावळे? मी उठून उभी राहिले.

"स्वानंद, पोरगी पडली ती कुठे पडली?"

"काकू, प्रश्नोत्तरं शेवटी."

"शेवटी नाही, आत्ता! सोमनाथची शिवानी कुठे पडली ते सांग ह्या सगळ्यांना."

तो कसनुसं हसला. "काकू, ती दुर्दैवी घटना आहे, मला वाईटच वाटतं. पण ती ओढ्यात झाली. ओढा आपल्या तपासणीच्या कक्षेत नव्हता."

त्याच्या तोंडात मारावीशी वाटली मला. खरं सांगते, मारली असती. पण तेवढ्यात गडबड झाकायला कुणीतरी घाईघाईनं ह्यांच्या खांद्यावर शाल टाकली, आणि हे खुर्चीतून उठले. शाल काढली. घडी करून टेबलावर ठेवली. माइकपाशी गेले, त्याची वायर सोललेली नाही ना ते बघितलं (हो, तेव्हासुद्धा!) आणि बोलले. 

"ती पोरगी माझ्या सहीमुळे पडली. मी पिवळा लिहिला होता आणि आपल्या सगळ्यांना वाचवायला लाल केला. आपण धोका कमी केला नाही. आपल्या अंगावरचा काढून पोरांच्या अंगावर टाकला. तो अहवाल मी मागे घेतो."

 मग स्वानंद हळूच म्हणाला, "काका, भावना समजतात. पण अहवाल मागे घ्यायची मंडळाच्या घटनेत तरतूद नाही. आणि समजा घेतला आणि कुणी पडलं, तर?"

"तर माझं नाव घ्या."

"वैयक्तिक नाव घेता येत नाही, काका. मंडळाचं येतं."

"मग मला मंडळातून काढा," हे म्हणाले, आणि त्या एकुलत्या एका दारानं बाहेर पडले. मी मागोमाग. पायऱ्यांवर ह्यांना घाम फुटला होता. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला ह्या माणसाचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी रागही आला. अहो, हेच तोंड गेल्या वर्षी उघडलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लेखी देता? जबाबदारी तुमची?" ह्यांनी लिहून दिलं. कठडा बसवून, एका वेळी एक माणूस, चालत जाण्यास हरकत नाही, जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव, पत्ता. साहेबांनी कागद घेतला आणि चार दिवसांत फाटकाच्या किल्ल्या मिळतील म्हणाले. बस्स, एवढंच हवं होतं! कुणाचंतरी एक नाव! त्या एका नावासाठी एका पोरीचा पाय गेला. किल्ल्या आल्यावर कचेरीच्या शिपायानं कामापुरतं फाटक उघडून दिलं, आणि सोमनाथनं आणि वाडीतल्या बाप्यांनी दोन दिवसांत बांबू नि पाइप लावून कठडा बसवला.

कठडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला आम्ही तिथं पोचलो. पाऊस उघडला होता, पण ओढा मांडीएवढा वाहत होता. अलीकडचं कुलूप शिपायानं काढलं, पलीकडचं सोमनाथनं. पलीकडच्या टोकाला दप्तरं घेतलेली पोरं उभी, मागं आयाबाया. फाटक उघडलं तरी कुणी पाय टाकेना. सोमनाथची आई सखूबाई सगळ्यात पुढं, कमरेवर हात ठेवून.

"सायेब," ती तिकडून ओरडली, "तुमीच म्हनला हुता न्हवं, ह्यो पडनार म्हनून? आता न्हाई पडनार व्हय? मग तुमी या की आदी हिकडं!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात धरायला पुढं झाले तर म्हणाले, "एका वेळी एक माणूस, सुलू," आणि निघाले. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल सरकवत. मधोमध आल्यावर खाली बघितलं आणि थांबले. गुडघे लटलटत होते, ते मला इकडून दिसत होतं. मनात म्हटलं, चला हो, चला! चालले. पलीकडे पोचले आणि सखूबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली दगडावर बसवलं. मग मी गेले. साकव जागचा हलला नाही.

एकेक करून पोरं निघाली. पहिल्यांदा हळू, मग पळत. अलीकडे पोचून ओरडायला लागली. शिवानी तेवढी जागची हलली नाही. प्लास्टर निघालं होतं, पाय खरंच आखूड राहिला होता.

"चल ग बाळा," मी म्हटलं, "शाळेला उशीर होईल."

"मी वढ्यातनं येते, बाई."

"अगं, ओढ्यातच पडलीस ना तू?"

"वढ्याचं भ्या न्हाई वाटत. ह्येचं वाटतंय," तिनं साकवाकडे बोट केलं.

हे दगडावरून उठून तिच्यापाशी गेले. पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. "अगं, मी आत्ताच आलो की नाही त्याच्यावरून? काही झालं का मला?"

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमी लई थरथरत हुता, सायेब. म्या बगितलं की."

  हे तिचा हात धरून साकवावर न्यायला गेले, तर तिनं हात सोडवून घेतला. मग ती काठाकडे वळली, दप्तर डोक्यावर धरलं आणि लंगडत पाण्यात उतरली.